बर्फ उतरताना: डोंगरातलं बंद घर पुन्हा उघडण्याचा क्रम

हिवाळाभर बंद असलेल्या डोंगरातल्या घराचं कुलूप काढलं, की हात शिवशिवायला लागतात. खिडक्या सताड उघडाव्यात, मेन स्विच चालू करावा, नळ सोडावा, शेगडीत लाकडं रचून मोठा जाळ करावा. या सगळ्या गोष्टी करायच्याच असतात, पण त्यांना एक क्रम असतो आणि प्रत्येकीची दिवसातली एक वेळ असते. ती वेळ चुकली, तर हिवाळ्याने जे मोडलं नाही ते आपण एका दुपारी मोडून ठेवतो.

वसंताची सुरुवात म्हणजे विषुवदिनाच्या मागचे-पुढचे काही आठवडे. उत्तर गोलार्धात हा दिवस २० किंवा २१ मार्चला येतो, दक्षिण गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरला. या काळात दिवस सर्वांत वेगाने मोठा होत असतो. ४५ अक्षांशावर रोज सुमारे तीन मिनिटांनी. उंचीवर मात्र गारठा रेंगाळतो, कारण दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी झाडांना पालवी फुटलेली असते आणि वर अंगणात अजून गुडघाभर बर्फ असतो. त्यामुळे डोंगरावर दर चोवीस तासांत दोन ऋतू होऊन जातात: रात्री आणि सकाळी हिवाळा, दुपारी वसंत. पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

वाट कधी धरायची

हवामानाचा अंदाज बघताना बहुतेक जण दुपारचं तापमान बघतात. मी आधी रात्रीचं बघते, आणि त्याहून आधी रात्री आकाश कसं असेल ते. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो, आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी वरचा थर कडक होतो. सकाळी त्या कवचावर पाऊल तोललं जातं. रात्रभर ढग असतील तर ते पांघरुणासारखे वर राहतात, बर्फ नीट गोठत नाही आणि सकाळपासूनच पाय रुततो.

म्हणून चालत जायचं असेल तर उजाडताच निघा आणि ऊन तापायच्या आत पोहोचा. सकाळचं कवच निसरडं असतं, बुटांना काटे लावा. उशीर झाला, तर तेच अंतर मांडीपर्यंत रुतत कापावं लागतं. माणूस दमतो, मोजे भिजतात आणि संध्याकाळ होते तेव्हा अंगात ऊब उरलेली नसते.

वाटेत तीव्र उतार असतील तर वेळेचा हा नियम जिवाचा होतो. हिमस्खलन बहुतांश ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं. वसंतात उन्हाने भिजलेला बर्फ आपल्याच वजनाने सुटतो, आणि सूर्याकडे तोंड असलेले उतार आधी सुटतात. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळत येताना दिसले, किंवा पाय घोट्याच्या वर रुतायला लागला, तर तो उतार सोडून मागे फिरा. बर्फावर पाऊस पडला असेल तर त्या दिवशी निघूच नका. अनेक डोंगराळ भागांत हिमस्खलनाचा इशारा एक ते पाच अशा श्रेणीत रोज दिला जातो. त्यातला तीन हा आकडा मधला दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नका. एक पायरी वाढली की धोका कितीतरी पटींनी वाढतो.

ओढ्यावरून वाट जात असेल तर वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली पाणी पोखरत असतं. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी आणि खडकांच्या कडेलाही पोकळी तयार होते. वळसा पडला तरी चालेल, या जागा टाळा. सोबत फावडं, टॉर्च, एका मुक्कामाचं जादा जेवण आणि पुरेसं पिण्याचं पाणी ठेवा. घरातलं पाणी पहिल्या दिवशी वापरता येईलच, असं धरून चालू नका.

कुलूप काढण्याआधी एक फेरी

ही फेरी भिंतीला चिकटून मारू नका. वळचणीखालची जागा या दिवसांत सर्वांत धोक्याची असते. वर छपरावर बर्फ असेल, कडेला बर्फाच्या सुळक्या लोंबत असतील, तर दुपारच्या उन्हात ते सगळं एका क्षणात खाली येतं. पत्र्याचं छप्पर असेल तर आवाजही आधी होत नाही. घरापासून चार-पाच मीटर दूर राहून, मान वर करून चारही बाजू बघा. गाडीही वळचणीखाली लावू नका.

छपरावरच्या बर्फाची खोली बघून फसायला होतं. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. वसंतातला ओला, दबलेला बर्फ ४०० किलो किंवा त्याहून जास्त. म्हणजे अर्धा मीटर ओल्या बर्फाचा छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर २०० किलो भार. डिसेंबरात मीटरभर दिसणारा थर मार्चमध्ये अर्धा झाला, तरी भार कमी झाला असं नाही. वर पाऊस पडला असेल तर तो वाढलेलाच असतो. आढ्याची रेघ दुरून बघा. ती मधे झोळ खाल्लेली दिसली, आतून लाकूड करकरत असेल, छताच्या गिलाव्याला नव्या भेगा गेल्या असतील, तर आत राहू नका आणि जाणकार माणूस बोलवा. एखादं दार अडकणं ओलीनेही होतं. एकदम तीन-चार दारं अडकायला लागली तर कारण वर आहे.

बर्फ काढायचाच असेल तर लांब दांड्याच्या फावड्याने, जमिनीवर उभं राहून, दोन्ही उतारांवरून थोडा थोडा. एकच बाजू मोकळी केली तर भार एकीकडे कलतो. ओल्या छपरावर चढू नका, कितीही सवय असली तरी.

या फेरीत आणखी काय बघायचं? धुराड्याचं टोपण जागेवर आहे का, भिंतीतून बाहेर आलेल्या गॅसच्या किंवा हवेच्या नळ्या बर्फाने बुजल्यात का, विजेची तार लोंबकळतेय का, पन्हळी तुटल्यात का. वाऱ्याने भिंतीला लावून ठेवलेला बर्फाचा ढीग असेल तर तो, वर छपरावर बर्फ नसेल तेव्हाच, फावड्याने मीटरभर दूर ओढा. तो तिथेच वितळला, तर पाणी थेट घराच्या पायात मुरतं.

दार उघडल्यावर

आत शिरून लगेच झाडायला घेऊ नका. रिकाम्या घरात हिवाळाभर उंदरांनी आसरा घेतलेला असतो, आणि त्यांच्या लेंड्या, मूत, घरटी यांची धूळ श्वासातून गेली तर काही प्रदेशांत हंताव्हायरस या विषाणूचा गंभीर आजार होऊ शकतो. आधी समोरासमोरची दारं-खिडक्या उघडून निदान अर्धा तास बाहेर थांबा. मग हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी हे मिश्रण लेंड्यांवर शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या आणि कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका. झाडू नको, व्हॅक्यूमही नको. दोन्हींनी धूळ उडते. शेवटी फरशी ओल्या फडक्याने पुसा. कपाटांच्या मागे, गादीच्या कोपऱ्यांत आणि शेगडीच्या राखेच्या कप्प्यात बघायला विसरू नका.

उंदीर आले कुठून, तेही याच दिवशी शोधा, कारण तोवर खुणा ताज्या असतात. पेन्सिल जाईल एवढी फट, म्हणजे सहाएक मिलिमीटर, त्यांना पुरते. स्टीलचा चोथा ठासून वरून लिंपलं की ती फट बुजते. नुसता फोम ते कुरतडतात.

विजेचं थोडक्यात सांगते. मेन चालू करण्याआधी सगळे एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे बोर्डावरचे स्विच) खाली करा, गीझरचा आणि पंपाचा स्विच बंद असल्याची खात्री करा, दिसणाऱ्या वायरी कुरतडलेल्या नाहीत हे बघा. मग मेन, आणि नंतर एकेक एमसीबी. एखादा पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो भाग बंदच ठेवा. भिंतीवर ओल उतरलेली असेल तर त्या भिंतीवरचे बोर्ड दोन दिवस वापरू नका.

पहिला जाळ लहान

आग पाण्याच्या आधी. घर उबदार झाल्याशिवाय नळांत पाणी सोडायचं नाही, म्हणून पहिला दिवस शेगडीचा.

धुराडं आधी तपासा. खालच्या सफाईच्या झाकणातून आरसा आणि टॉर्च धरला की वर आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे. दिसला नाही, तर आत पालापाचोळा किंवा पक्ष्याचं घरटं असतं. पिल्लं किंवा अंडी असतील तर त्या शेगडीचा नाद सोडा आणि दुसरी सोय बघा. आतल्या बाजूला चकचकीत, डांबरासारखा काळा थर तीन मिलिमीटरपर्यंत साठला असेल तर साफ केल्याशिवाय जाळ करू नका. ओल्या लाकडाच्या धुरातून साठलेलं ते काजळीचं डांबर पेट घेतं, आणि धुराड्यातली आग छपरापर्यंत जायला वेळ लागत नाही.

पहिल्या जाळाच्या वेळी धूर खोलीत का येतो, हा अनेकांना पडणारा प्रश्न आहे. धुराड्यात हिवाळ्याची थंड, जड हवा उभी असते. ती खाली दाबते. एक वर्तमानपत्र चुरगाळून शेगडीत शक्य तितकं वर, धुराड्याच्या तोंडाशी पेटवा, एक खिडकी किंचित उघडी ठेवा. हवेचा ओढा वर वळला की धूर आपोआप त्या वाटेने जातो. मग बारीक ढलप्या, मग मनगटाएवढी लाकडं. ओतीव लोखंड आणि विटांचं बांधकाम एकदम तापवलं तर तडकतं, म्हणून पहिला दिवसभर जाळ लहानच ठेवा. लाकूड वाळलेलं आहे का, हे दोन ओंडके एकमेकांवर आपटून कळतं: वाळलेलं खणखणतं, ओलं बद्द वाजतं. ओलावा २० टक्क्यांखाली हवा. उघड्यावर बर्फाखाली राहिलेली लाकडं या खेपेला उपयोगाची नाहीत.

कार्बन मोनॉक्साइडच्या गजराची बॅटरी जाळ करण्याआधी बदला. गजर नसेल तर तो आणल्याशिवाय रात्रभर शेगडी चालू ठेवू नका. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, गुंगी ही त्याची लक्षणं थकव्यासारखीच वाटतात. घरातल्या दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर कारण शोधत बसू नका, आधी सगळे बाहेर या. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही.

आणि एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली: घरात जाळ केला की छपराला आतून ऊब लागते आणि हिवाळाभर चिकटून बसलेला बर्फ काही तासांत सुटतो. बाहेर ऊन नसलं तरी. शेगडी पेटवल्यानंतरचा पहिला दिवस वळचणीखालून कुणीही, विशेषतः मुलांनी, जायचं नाही. पुढच्या दाराची वाट छपराच्या उताराखालून जात असेल तर त्या दिवसापुरतं दुसरं दार वापरा.

ओल बाहेर कशी काढायची

बाहेर छान ऊन आणि बंद घर आतून गारठलेलं, अशा वेळी सगळ्या खिडक्या दिवसभर उघड्या टाकाव्याशा वाटतात. जाड दगडी भिंती मात्र हिवाळ्याचा गारठा धरून असतात. दुपारची कोमट, दमट हवा त्यांना लागली की पाणी सुटतं, आणि आपण ओल घालवायच्या ऐवजी आत आणतो.

गणित साधं आहे. शून्य अंशाला घनमीटरभर हवेत जास्तीत जास्त पाचेक ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना सतराएक. म्हणजे बाहेरची गार हवा आत घेऊन तापवली की ती कोरडी होते आणि भिंतीतला ओलावा ओढून घेते. तीच पुन्हा बाहेर सोडली की ओल गेली. म्हणून शेगडी चालू ठेवून, दर दोन तासांनी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडा आणि पुन्हा बंद करा. उंदरांच्या सफाईसाठी सुरुवातीला उघडलेला अर्धा तास याला अपवाद, तिथे आरोग्य आधी. खूण हवी असेल तर थंड भिंतीला टेकवून एक आरसा ठेवा. खिडकी उघडल्यावर आरसा धुरकटला, तर हवा आत यायच्या लायकीची नाही.

गाद्या भिंतीपासून ओढून उभ्या करा, कपाटांची दारं उघडी ठेवा. दगडी घराला खरोखर कोरडं व्हायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या रात्री झोपण्याची पिशवी सोबत असलेली बरी.

पाणी: घाई इथे सर्वांत महाग पडते

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. पाइप फुटतो थंडीत, पण कळतं वसंतात, कारण भेगेत बसलेला बर्फच तोवर बूच म्हणून काम करत असतो. एका वर्षी दिवाणखान्यातलं छत माझ्या डोळ्यांदेखत भिजत गेलं ते याच कारणाने: दुपारी नळ व्यवस्थित वाहत होता, संध्याकाळी भिंतीतला बर्फ वितळला आणि बूच निघालं.

म्हणून घर आतून किमान एक पूर्ण दिवस उबदार राहिल्यावरच पाणी सोडा, तेही सकाळी, म्हणजे गळती उजेडात सापडेल आणि दुरुस्तीला दिवस हातात राहील. क्रम असा. पाइप रिकामे करण्यासाठी उघडलेले खालचे निचऱ्याचे कॉक आधी बंद करा. सर्वांत वरच्या मजल्यावरचा एक नळ उघडा ठेवा, म्हणजे अडकलेली हवा तिथून जाईल. मग मुख्य व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवा आणि थांबा. ऐका. हवा फुसफुसत जाईल, नळ खोकल्यासारखा उडेल, मग धार लागेल. सलग धार लागली की वरचा नळ बंद करून सगळ्या घरात एक फेरी मारा: सिंकखाली, गीझरच्या जोडांशी, बाहेरच्या भिंतीला लागून जाणाऱ्या पाइपांवर कोरडा हात फिरवा. नंतरच व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. सगळे नळ बंद असताना पंप मधूनमधून सुरू होत असेल, किंवा मीटरचा काटा हलत असेल, तर कुठेतरी गळतंय.

गीझर चालू करण्याआधी गरम पाण्याच्या नळातून सलग धार येते आहे, हे बघा. टाकी भरलेली नसताना स्विच दाबला तर आतली कॉइल काही मिनिटांत जळते. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पाणी अंगावर घेण्याआधी टाकी ६० अंशांपर्यंत तापवून नळांतून वाहून जाऊ द्या, कारण साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि तो शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो.

एखादा नळ कोरडाच राहिला तर पाइप अजून गोठलेला आहे. तो नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूने सुरुवात करत केस वाळवण्याच्या यंत्राने हळूहळू ऊब द्या. ज्योत लावू नका. लाकडी घरांना आग लागण्याचं ते जुनं कारण आहे. सिंक आणि संडासातले सापळे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळ्या, हिवाळ्यात कोरडे पडलेले असतात, प्रत्येकात तांब्याभर पाणी ओता, नाहीतर मैल्याचा वायू खोलीत येतो.

झऱ्याचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर बर्फ वितळण्याच्या दिवसांत त्यात जमिनीवरची घाण उतरते, नितळ दिसलं तरी. ते आधी गाळा, मग खळखळून उकळा. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणून २,००० मीटरच्या वर एका मिनिटाऐवजी तीन मिनिटं उकळायचं.

दुपारी बाहेर

पाण्याचा निचरा बघायचा तर दुपारीच. सकाळी सगळं गोठलेलं असतं आणि अंगण कोरडं वाटतं. दुपारी दोन-अडीचला पागोळ्या वाजायला लागल्या की घराभोवती फिरून (वळचण सोडून) पाणी कुठे साचतंय, कोणत्या भिंतीकडे धावतंय, ते बघा. वरची वीतभर माती सैल झाली तरी खालची अजून गोठलेली असते, पाणी मुरत नाही. पायाकडे येणारं पाणी वळवायला एक चर खणला तरी तळघर वाचतं. बागेतल्या मातीत मात्र आत्ता पाय ठेवू नका. ओल्या मातीवर चालल्याने ती दबते आणि वर्षभर तशीच राहते.

डोळे सांभाळा. उंचीच्या दर १,००० मीटरमागे अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीच्या खालची आणि नाकपुड्यांची कातडीसुद्धा भाजते. बर्फाने आलेली डोळ्यांची आग सहा-आठ तासांनी, रात्री जाणवते, तेव्हा उशीर झालेला असतो. गडदपणाच्या तीन किंवा चार श्रेणीचा, बाजूने झाकलेला चष्मा ढगाळ दिवशीही लावा. बर्फ उतरलेल्या गवतात मात्र गोचिडी सातेक अंशांनाच जाग्या होतात. पायजमा मोज्यात खोचा आणि संध्याकाळी अंग तपासा.

मला या दिवसांतली सर्वांत आवडती वेळ चारच्या सुमाराची. पागोळ्यांचा ताल हळूहळू मंदावतो, एकेक थेंब लांबत जातो आणि उन्ह डोंगराआड गेलं की एकदम सगळं थांबतं. ती शांतता म्हणजे हिवाळा परत आल्याची सूचना असते. त्या वेळी पायऱ्यांवरचं पाणी खराट्याने लोटून वाळू किंवा राख पसरा, नाहीतर रात्री तिथे काच तयार होते. (राख पूर्ण थंड झालेलीच घ्या. राखेतला निखारा दिवसचे दिवस जिवंत राहतो, म्हणून ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर ठेवायची.) बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवा, आणि कडाक्याची थंडी असेल तर त्या नळाची बारीक धार चालू राहू द्या.

परत निघताना

वसंत आला म्हणून पाइप भरलेले ठेवून जायचा मोह होतो. गोठवणाऱ्या रात्री अजून कित्येक आठवडे यायच्या असतात, आणि शेगडी विझलेलं घर दोन-तीन दिवसांत पुन्हा गारठतं. दर खेपेला पाणी पूर्ण काढूनच निघा: गीझर बंद, मुख्य व्हॉल्व्ह बंद, वरपासून खालपर्यंत सगळे नळ उघडे, मग निचऱ्याचे कॉक उघडे, गीझरची टाकी रिकामी. सापळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं, बिनविषारी गोठणरोधक ओता. गाडीत घालायचं साधं गोठणरोधक चालत नाही, ते विषारी असतं.

दाराच्या आतल्या बाजूला मी एक वही टांगून ठेवली आहे. अंगणातला बर्फ कोणत्या तारखेला गेला, कुठल्या भिंतीला ओल आली, कोणती फट बुजवली, हे त्यात लिहिते. निघताना शेवटची नोंद व्हॉल्व्हची: कोणता कॉक उघडा, कोणता बंद. पुढच्या खेपेला दार उघडणारा माणूस दुसराच कुणी असू शकतो, आणि त्याला ते अंधारात, टॉर्चच्या उजेडात वाचावं लागेल. मोठ्या अक्षरात लिहा.